तिसरा ‘नको’

मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक तमुक’ म्हणायचं नसतं, ही माहिती मला वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळाली आणि तिच्यासाठी मी अडीच हजार रुपये भरले होते. संभाजीनगरला सिडकोतल्या एका इमारतीत तो क्लास होता. तळमजल्यावर झेरॉक्स, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर व्यक्तिमत्त्व विकास. शिकवणारे सर मार्चच्या उन्हातसुद्धा ब्लेझर काढत नसत. घाम पुसून झाला की म्हणत, ‘कॉन्फिडन्स!’

सरांनी सांगितलेलं सगळं मी दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं. दारावर टकटक करा, आत येऊ का विचारा. बसा म्हटल्याशिवाय बसू नका. हात मिळवताना तो समोरच्याच्या हातात नुसता ठेवून देऊ नका. बेल्ट आणि बूट एका रंगाचे. मोबाईल सायलेंटवर नाही, बंद. उत्तर येत नसेल तर थापा मारू नका, सरळ ‘माहीत नाही’ म्हणा. इथपर्यंत ठीक होतं. मग आलं, ‘डोळ्यात डोळे घालून बोला.’

आता आमच्या घरी मी वडिलांशी आजवर जे काही बोललो ते त्यांच्या चपलांकडं बघून. एकदा चुकून मान वर केली तर आजी म्हणाली होती, ‘बापावर डोळे काढायलाय व्हय रे?’ आणि त्याहून अवघड म्हणजे, स्वतःबद्दल बोला. परभणीत स्वतःबद्दल बोलायची पद्धतच नाही. कुणी विचारलं ‘कोणाचा रे तू?’ तर वडिलांचं नाव सांगायचं. पत्ता लागला नाही तर मामाचं गाव सांगायचं. मग समोरचाच म्हणतो, ‘हां हां, म्हंजे त्या पिवळ्या घरातला!’ झाला परिचय. आपण कसे आहोत ते दुसऱ्यानं सांगायचं असतं. इथं सर म्हणत होते, दोन मिनिटं फक्त स्वतःबद्दल. मी सरावाला उभा राहिलो, चाळीस सेकंदांत नाव, गाव, शिक्षण, छंद सगळं उरकलं आणि उरलेली ऐंशी सेकंदं खालच्या दवाखान्यातलं मशीन ऐकत काढली.

एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट नावाची परीक्षा असते, तिच्यात मला ८४ पर्सेंटाइल होते. दोन तासांचा पेपर, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग. वडिलांनी गल्लीत सांगितलं, ‘चौऱ्याऐंशी टक्के पडले.’ मी समजावून सांगायला गेलो की टक्के नाहीत, शंभरातले चौऱ्याऐंशी जण आपल्या मागं आहेत असा त्याचा अर्थ. तर म्हणाले, ‘सोळा जण पुढं हायेत असं सांगू का मंग?’

त्या चौऱ्याऐंशीवर पुण्याच्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. टाय विकत आणला. शेजारच्या विमा एजंट काकांनी संध्याकाळीच त्याची गाठ मारून दिली. ती सैल करून, दावं काढतात तसा टाय डोक्यावरून काढून बॅगेत ठेवायचा आणि सकाळी पुन्हा गळ्यात घालायचा, असं ठरलं. त्याच बॅगेत आईनं दहा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. ‘तिथं कुठं खातूस,’ म्हणाली. रात्री ट्रॅव्हल्समध्ये माजलगावच्या पुढं कुठंतरी एक मोठा खड्डा आला. त्यात चटणीच्या डब्याचं झाकण आणि टायची गाठ अशा दोन गोष्टी एकदम सुटल्या.

पहाटे खराडी बायपासला उतरलो. एका सुलभ शौचालयात इस्त्रीचा शर्ट चढवला. तिथल्या माणसानं पाच रुपये जास्त घेतले, पण पाठीमागून कॉलर नीट करून दिली. सर म्हणाले होते, वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा. दहाच्या मुलाखतीला मी साडेसहाला गेटवर होतो.

गेटवरच्या वॉचमनमामांनी रजिस्टर पुढं केलं आणि माझं गाव वाचून पेनच खाली ठेवला.

‘परभणी? अरं मंग आपलेच की! मी जिंतूरचा. कोणाचे तुम्ही?’

पुढच्या चार मिनिटांत वडिलांचं नाव, शेती किती, कोरडवाहू का बागायती, बोरीला कुणी पाहुणे आहेत का, बहीण कुठं दिली, हे सगळं विचारून झालं. एकाही प्रश्नाला मी अडखळलो नाही. डोळ्यात डोळे घालून बोलत होतो, हे नंतर लक्षात आलं. मी दशम्या काढल्या.

‘घ्या मामा.’

‘नको नको.’

‘घ्या हो.’

‘नको भैय्या, आत्ताच चहा झालाय.’

‘आईनं दहा बांधल्यात.’

‘बरं, अर्धी दे.’ अर्धी म्हणून दोन खाल्ल्या. मी दोन खाल्ल्या. सहा उरल्या.

टायचं रडगाणं ऐकून मामा म्हणाले, ‘ह्यात काय? मी रोजच बांधायलोय की.’ खरंच, त्यांच्या गणवेशाला निळा टाय होता. पण त्यांना तो स्वतःच्याच गळ्यात बांधता यायचा. म्हणून त्यांनी आपला काढून खुर्चीवर ठेवला, माझा स्वतःच्या गळ्यात घातला, हनुवटी वर करून केबिनच्या काचेत बघत गाठ मारली, दोनदा खाली-वर केली, सैल केली आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालतात तशी माझ्या गळ्यात घातली. एक पाऊल मागं सरकून बघितलं. ‘आता साहेब दिसायलास.’

आत आम्ही आठ जण होतो. एकानं थ्री-पीस सूट घातला होता आणि तो एसीतही घामेजला होता. सगळे आपापले दोष पाठ करत होते. ‘तुमचा एक दोष सांगा’ हा प्रश्न हमखास येतो आणि दोष असा सांगायचा असतो की ऐकणाऱ्याला तो गुण वाटावा. म्हणून सातही जण परफेक्शनिस्ट होते. एवढे परफेक्शनिस्ट एका खोलीत असूनही भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागं होतं.

माझा नंबर लागला तेव्हा पाऊण वाजून गेला होता. समोर तिघं. मधे चष्म्याचे सर, डावीकडं मॅडम, उजवीकडं कुठल्यातरी कंपनीतले एक तरुण गृहस्थ. ते मोबाईल बघत होते. मोबाईल बंदचा नियम टेबलाच्या आमच्या बाजूलाच होता म्हणायचा.

मॅडम हुबेहूब माझ्या पाचवीच्या बाईंसारख्या होत्या. काय होतंय ते कळायच्या आत मी पायांच्या दिशेनं अर्धा वाकलो होतो. तिथं वही आठवली. मग तसाच आणखी खाली गेलो आणि फरशीवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं.

‘काय पडलं?’

‘पेन, मॅडम.’ पेन माझ्या खिशात होता. त्यांना तो दिसत होता.

‘बसा’ म्हणेपर्यंत थांबलो, मग बसलो, तर खुर्चीला चाकं. मी टेबलापासून हातभर मागं गेलो आणि पायानं वल्हवत परत आलो. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. सरांनी हातानंच मला ‘घ्या’ अशी खूण केली. मी म्हणालो, ‘नको सर, थँक यू.’

आणि ट्रे निघून गेला! पहिल्या नकोला! सकाळपासून चहा नव्हता. मामांनी विचारला होता, पण शर्टावर सांडेल म्हणून घेतला नव्हता. तिघांच्या कपांतून वाफ निघत होती. नजर भिरभिरू न देता तिघांकडं सारखं बघायचं, असा नियम होता. लग्नाच्या मांडवातला मोठा पंखा जसा एकेका पंगतीला वारा घालत फिरतो तशी मी मान फिरवत होतो, पण प्रत्येक फेरीत ती सरांच्या कपाशी अडकायची.

मॅडमनी दहावीचं मार्कलिस्ट उजेडाला धरलं. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

‘हे काय आहे?’

इथं ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, ‘शेंगदाण्याची चटणी, मॅडम.’

कंपनीतल्या गृहस्थांनी मोबाईल खाली ठेवला.

मी रेपो रेट पाठ करून गेलो होतो, चलनवाढ पाठ करून गेलो होतो. सरांनी विचारलं, ‘परभणी कशासाठी प्रसिद्ध आहे?’ ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ तोंडावर आलं होतं, ते गिळलं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ तर त्याहून जोरात गिळलं. मग उरली भेंडी. मी सांगितलं की आमच्याकडं १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथं ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी काढली, तिच्यावर हळद्या रोग सहजी पडत नाही. ज्वारीचंही सांगितलं. ‘परभणी शक्ती’, २०१८ची, लोह आणि जस्त जास्त असलेली. इंग्रजीत सुरू केलं होतं, भेंडीपाशी मराठी झाली आणि कुणी हरकत घेतली नाही. चार मिनिटं बोललो. स्वतःबद्दलचं चाळीस सेकंदांत संपत होतं आणि भेंडीवर अजूनही बोलू शकलो असतो.

मॅडम म्हणाल्या, ‘तुमचा भाग स्वतंत्र केव्हा झाला?’ मी म्हणालो, ‘१७ सप्टेंबर १९४८, मॅडम. निजामामुळे आम्हाला तेरा महिने उशीर झाला.’ हे मी ट्रॅव्हल्सला उशीर झाल्याच्या सुरात म्हणालो असणार, कारण तिघंही हसले.

मग तो प्रश्न आला. दोष सांगा. माझ्या वहीतही ‘परफेक्शनिस्ट’ लिहिलेलं होतं, पण समोर तेलकट मार्कलिस्ट पडलेलं असताना ते कुठल्या तोंडानं म्हणणार? जे खरं होतं ते सांगितलं. ‘सर, मला कुणाला नाही म्हणता येत नाही.’

सरांनी कप उचलला, एक घोट घेतला. ‘पण चहाला तर लगेच म्हणालात.’

थापा मारायच्या नव्हत्या. ‘सर, तो पहिला नको होता.’

‘म्हणजे?’

‘आमच्याकडं पहिला नको रीत म्हणून असतो. दुसरा, समोरचा मनापासून म्हणतोय का ते बघायला. तिसरा नको खरा. पण तिसऱ्यापर्यंत सहसा कुणी जात नाही.’

खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मॅडमनी बेल वाजवली. माझ्यासाठी चहा आला. गारच होता, बशीही नव्हती. मी दोन घोटांत संपवला.

शेवटी सर म्हणाले, ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?’ इथं ‘नाही’ म्हणायचं नाही, हे वहीत दोनदा अधोरेखित होतं. उद्योगजगत आणि अभ्यासक्रम यांच्या सांध्यावर एक प्रश्न मी तयार करून आणला होता. पण घड्याळात सव्वा वाजला होता, म्हणजे खरा वाजला होता एक पस्तीस, आणि तिघांचेही चेहरे उतरले होते. मी विचारलं, ‘तुमची जेवणं झाली का, सर?’

नव्हती झाली. अजून दोघं जण बाकी होते.

बाहेर मामांनी ‘कसं झालं?’ विचारलं, मी ‘चहा पाजला’ म्हणून सांगितलं. ‘मंग झालंच की,’ ते म्हणाले. झालं नाही, वेटिंगमध्ये त्रेचाळिसावं नाव लागलं आणि यादी एकोणतीसवर थांबली. त्याच दिवशी आभाराची ईमेल पाठवायची असते, ती मी परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून पाठवली. टायची गाठ मात्र सोडली नाही, मामांची गाठ घेऊनच पुढच्या दोन मुलाखती दिल्या.

रात्री नगरच्या पुढं असताना आईचा फोन आला. सगळं सांगितलं. भेंडीचं ऐकून तिला बरं वाटलं. मग म्हणाली, ‘जेवायला इचारलं का त्यांनी?’

‘नाही. मीच विचारलं.’

‘मंग?’

‘उपाशीच होते म्हणाले.’

‘अन् दशम्या किती राहिल्यात तुझ्यापाशी?’

‘सहा.’

आई बराच वेळ काही बोलली नाही. ‘तीन माणसं समोर उपाशी,’ म्हणाली, ‘अन् तू बॅगेत दशम्या घेऊन तसाच उठून आलास?’