लॅम्बोचा बाक

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, संघ ३२ आहेत. पण ऐंशी हजार माणसं बसतील अशी स्टेडियम तीनच. न्यू जर्सीतलं मेटलाइफ ८२,५००, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड ८१,४४१ आणि टेक्ससमधल्या आर्लिंग्टनचं एटी अँड टी ८०,०००. ही यादी दर हंगामात कुणी ना कुणी फिरवतं आणि सगळे पहिल्या नंबरावर बोलत बसतात. मी विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकीत राहतो, आमचं घर पॅकर्सचं, म्हणजे लॅम्बोत खेळणाऱ्या ग्रीन बेच्या संघाचं. त्यामुळे माझं म्हणणं एकतर्फी वाटेल, वाटू दे. मला त्या मधल्या नावाबद्दल बोलायचंय.

मेटलाइफच्या अंगाला न्यूयॉर्क आहे आणि जायंट्स आणि जेट्स अशा दोन संघांचं ते घर. एटी अँड टीच्या एका बाजूला डॅलस, दुसऱ्या बाजूला फोर्ट वर्थ. ग्रीन बेची लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत एक लाख सात हजारांच्या आसपास भरली. सगळं गाव मॅचला निघालं तर चारातली तीन माणसं आत मावतील. एवढ्याशा गावाला एवढं स्टेडियम पेलतं कसं?

हे मला बाबांमुळे उमगलं. तीन वर्षांपूर्वी ते सांगलीहून आले होते, नोव्हेंबर होता. ऑफिसातल्या एकाने त्याच्या घरची सीझन तिकिटं त्या रविवारपुरती आम्हाला दिली. लॅम्बो गावाबाहेर माळावर नाही, वस्तीत आहे. समोरच्या घरांची माणसं अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेत होती, पैसे हातातल्या हातात. चौकाचौकात ब्रॅटवर्स्ट, म्हणजे जर्मन सॉसेज, भाजल्याचा धूर. बाबा म्हणाले, "जत्राच आहे की रे."

आत खुर्च्या नाहीत. बहुतेक सगळीकडे ॲल्युमिनियमचे लांबच्या लांब बाक, त्यावर नंबर लिहिलेले. दोन नंबरांच्या मध्ये जेमतेम अठरा इंच. जाड जॅकेट घातलेली माणसं त्यात बसतात ती एकमेकांना अक्षरशः चिकटून. वर छप्पर नाही. पहिल्या पाच मिनिटांत खालच्या काँक्रीटचा गारठा बाबांच्या बुटांतून वर चढायला लागला. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. त्यांनी काही न बोलता पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि बाबांच्या पायाखाली सरकवला. त्यांच्या स्वतःच्या पायाखालीही तसाच होता. काँक्रीट आणि बूट यांच्यामध्ये पुठ्ठा आला की थंडी निम्मी होते, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं.

मध्यंतरात बाबांनी मला विचारलं, "मालक कोण ह्या टीमचा?" मी इंग्रजीत आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "मी." आणि मग मागच्या ओळीतल्या बाईंकडे बोट करून, "त्याही."

ते खरंच होतं. १९१९ मध्ये इथल्या एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने जर्सीसाठी पैसे दिले म्हणून संघाचं नाव पॅकर्स पडलं. १९२३ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा गावाने शेअर घेऊन तो वाचवला. पुढे १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ असे शेअर पुन्हा विक्रीला निघाले. आज पाच लाखांहून जास्त लोक भागधारक आहेत, कुणालाही दोन लाखांपेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत, म्हणजे एकट्या कुणाच्या हातात संघ जाऊच शकत नाही. संघ कधी विकला गेलाच तर पैसा धर्मादाय संस्थेला जाणार. वर्षातून एकदा भागधारकांची सभा भरते, तीही लॅम्बोतच.

बाबा पस्तीस वर्षं सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. त्यांना काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. "म्हणजे सभासदच की हे! काय मिळतं मग यांना?" काहीच नाही. लाभांश नाही, शेअर नफ्यात विकता येत नाही, त्यावर तिकीटही मिळत नाही. "मग घेतात कशाला?" मी आजोबांना विचारलं. "नाही घेतला तर संघ मोठ्या शहरात जाईल," ते म्हणाले.

स्टेडियमचंही तसंच. १९५६ मध्ये गावाने मतदान करून ते बांधायला मंजुरी दिली, नऊ लाख साठ हजार डॉलर खर्च गावाने आणि संघाने निम्मा-निम्मा उचलला आणि १९५७ मध्ये बत्तीस हजारांवर जागांचं मैदान उभं राहिलं. लोक वाढले तशा बाकांच्या ओळी वाढत गेल्या. २००० मध्ये काउंटीने पुन्हा मतदान घेऊन अर्धा टक्का विक्रीकर लावून घेतला, काम झाल्यावर २०१५ मध्ये तो बंदही केला. जास्त बर्फ पडला की संघ जाहीर करतो, माणसं पहाटे रांग लावतात, फावडी मिळतात आणि तासाच्या मजुरीवर सगळे मिळून बाक मोकळे करतात.

आकड्यामागे धावलं की काय होतं तेही आमच्याच संघाच्या मॅचला दिसलं. फेब्रुवारी २०११, सुपर बोल म्हणजे एनएफएलची फायनल, पॅकर्स विरुद्ध स्टीलर्स, एटी अँड टीत (तेव्हा नाव काउबॉइज स्टेडियम). या स्टेडियमने उघडलं त्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, एका साध्या लीग मॅचला १,०५,१२१ माणसं आत घेऊन दाखवली होती. आता १९८० चा रोझ बोल स्टेडियममधला १,०३,९८५ चा सुपर बोल हजेरीचा विक्रम खुणावत होता. त्यासाठी तात्पुरत्या बैठका ठोकल्या, त्यातल्या साधारण साडेबाराशे जागा मॅचच्या दिवशीही सुरक्षित ठरल्या नाहीत. बऱ्याच लोकांना दुसरीकडे बसवलं, पण चारशेच्या आसपास माणसांना हातात तिकीट असून जागाच मिळाली नाही. हजेरी भरली १,०३,२१९, विक्रम हुकला. आम्ही ३१-२५ ने जिंकलो. तरी विस्कॉन्सिनहून इतक्या लांब गेलेला माणूस आपल्याच संघाची फायनल पडद्यावर बघतो, हे आठवलं की आजही माझा जीव कळवळतो.

पण त्याहून जास्त राग मला आता जे चाललंय त्याचा येतो. नवी स्टेडियम लहान होताहेत. बफेलोचं जुनं ७१ हजारांच्या वर होतं, नवं ६२ हजारांच्या आसपास आहे, आणि त्यात ८५ कोटी डॉलर जनतेचे आहेत. नॅशव्हिलचं ६९ हजारांवरून ६० हजारांवर येतंय, तिथे जनतेचे सव्वाशे कोटींहून जास्त. कारण सरळ आहे. साध्या तिकिटाच्या उत्पन्नातला वाटा बाकी संघांबरोबर वाटून घ्यावा लागतो, काचेच्या आलिशान खोल्यांचा वरकड पैसा बहुतांशी यजमानाच्या खिशात राहतो. टीव्हीचे पैसे तर घरबसल्या येतात. मग वरच्या टोकाला बसणारा, पोराला खांद्यावर घेऊन येणारा माणूस कुणाला हवाय? पैसे त्याच्या करातून घ्यायचे आणि बसायची जागा त्याचीच कापायची, हे मला अजिबात मान्य नाही. जनतेचा पैसा लागला तर साध्या जागा एकानेही कमी होता कामा नयेत, असं करारातच लिहून घ्यायला हवं.

लॅम्बोतही काचेच्या खोल्या आहेत. तिकीट तिथेही स्वस्त नाही, हे कबूल. पण २०१३ मध्ये दक्षिणेच्या एंड झोनवर, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या बाजूला, काम केलं तेव्हा जागा वाढवल्या, सात हजारांच्या आसपास. गाव एक लाखाचं असून. १९६० पासून तिथली सीझन तिकिटं संपलेलीच आहेत आणि प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. घरात मूल जन्मलं की लोक आधी त्याचं नाव तिथे घालतात.

आम्हीही लेकीचं नाव घातलंय. ती सहा वर्षांची आहे, नंबर लाखाच्या पुढचा. बाबा दर फोनला आधी तिची चौकशी करतात आणि मग विचारतात, "नंबर किती खाली आला?"