टाळीचा हिशेब

भाचीला ताप आला आणि तिची वाद्यवृंदाच्या मैफिलीची दोन तिकिटं आमच्या गळ्यात पडली. ती पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते, म्हणजे उभं राहून, वाद्य हनुवटीखाली दाबून. आम्ही मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवलेलं व्हायोलिन ऐकत वाढलेली माणसं. तिकिटांबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनाही आल्या. "मामा, कन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वादक आणि साथीला अख्खा वाद्यवृंद. त्याचे तीन भाग असतात. भाग संपला की सगळे थांबतात. तेव्हा टाळी वाजवायची नाही. म्हणजे नाहीच. तिन्ही झाले की मगच. आणि प्लीज, 'क्या बात है' म्हणू नकोस."

ही शेवटची सूचना मला लागली. पण तिचंही बरोबर होतं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात शाल पांघरून बसलेल्या माणसाच्या तोंडून सम आली की 'आहाहा' निघतंच. ते माणूस काढत नाही, ते येतं, शिंकेसारखं. आता ती शिंक तीन भाग दाबून धरायची होती.

डोंबिवलीहून फास्ट पकडली, सीएसएमटीहून टॅक्सी केली, नरिमन पॉइंटला पोचलो. वाद्यवृंद चालवणाऱ्या 'कंडक्टर'वरून सुचणारा तिकिटाचा विनोद हिने कुर्ला यायच्या आतच करून टाकला, त्यामुळे संध्याकाळभर माझ्याकडे दुसरा विनोद उरला नाही.

आमच्या शेजारी एक पारशी आजी होत्या. मोत्यांची माळ, गुडघ्यावर पर्स. दिवे मंद व्हायच्या आधी त्यांनी पर्समधून पत्र्याची चपटी डबी काढली. आत कापसाची गादी आणि गादीवर खोकल्याच्या सहा गोळ्या, कागद आधीच काढून ठेवलेल्या. चुरचुर नको म्हणून! मी माझ्या खिशातल्या चकचकीत कागदातल्या गोळ्या चाचपल्या आणि हात गुपचूप बाहेर काढला. घराणं असतं ते हे.

पहिला कार्यक्रम मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराचा व्हायोलिन कन्चेर्तो. हिने पुस्तिकेतून वाचून दाखवलं की, १८३८ साली त्याने आपल्या व्हायोलिनवादक मित्राला, फर्डिनांड डाव्हिडला कळवलं होतं, सुरुवात डोक्यात घोळतेय, चैन पडू देत नाही. रचना पुरी झाली १८४४ मध्ये. आमच्या सोसायटीच्या लिफ्टलाही साधारण एवढीच वर्षं लागली, पण तिच्यात अजून सूर नाही.

कंडक्टर आला, त्याच्या पुढे व्हायोलिनवादक. मला वाटलं, आता आलापी होईल, वातावरण तयार होईल, तोवर मी नीट बसून घेईन. कसलं काय! मागच्यांनी दीड आवर्तनही धरलं नसेल, तोच या गड्याने थेट मुखडा उचलला. पुढे एका जागी सगळा वाद्यवृंद गप्प झाला आणि तो एकटाच वाजवू लागला. गजाचा एक केस तुटून लोंबत होता, वाजवता वाजवता दिव्यात चमकत होता. मग त्याने गज तारांवर असा काही नाचवला, की तो हातात धरलेला नसून तारांवरून आपणच उड्या मारत चाललाय असं वाटावं. आणि त्या उड्यांच्या खालून, चोरपावलांनी, बाकीची वाद्यं परत आली. माझ्या घशापर्यंत 'आहाहा' आलं होतं. मी ते गिळलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि डबी पुढे केली.

मग एकदा जोराची धावपळ होऊन सगळे थांबले. सगळे म्हणजे एक सोडून. मागच्या रांगेत जिन्याच्या कठड्यासारखी लांब लाकडी नळी धरलेला एक जण आपला एकच सूर लावून बसला होता. मला त्याची दया आली. असतो प्रत्येक बँडमध्ये असा एखादा. बाकीच्यांनी त्याला सांभाळून घेत संथ काहीतरी सुरू केलं.

सुरुवातीपासून वीसेक मिनिटांनी खरा थांबा आला. लोक खोकले. मी हाताचं एक बोट दुमडलं. भाग पहिला. पुन्हा सुरू झालं, यावेळी अगदी खारीच्या चालीने. पाच-सात मिनिटांत दणक्यात शेवट, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! मी दुसरं बोट दुमडलं. हिने टाळीसाठी हात उचलले, ते मी वरच्या वर धरले.

"थांब. अजून एक बाकी आहे."

"अहो, सगळे वाजवतायत."

"सगळ्यांना भाची नसते."

"तो वाकतोय बघा."

"घाम पुसत असेल."

"हात मिळवतोय तो कंडक्टरशी!"

"तिसऱ्या भागाआधी मिळवत असतील."

"आणि फुलं देतायत ती?"

पुष्पगुच्छाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर वादक आत गेला होता. हजारभर माणसांत हात मांडीवर ठेवून बसलेला मी एकटाच, आणि माझ्या मुठीत हिचे दोन हात.

मध्यंतरात भाचीला फोन लावला. तापातही ती हसली. "मामा, मेंडेल्सन होता का? अरे, त्याने भाग एकमेकांना जोडलेत! मध्ये टाळ्या नकोत म्हणून. पहिला संपला की तो बसून एक सूर धरून ठेवतो ना!"

"कोण बसून?"

"बसून, मामा. वाद्याचं नाव आहे ते."

म्हणजे तो मागचा गृहस्थ चुकला नव्हता. सबंध सभागृहात बसून राहण्याचं कारण असलेला तो एकटाच होता.

मध्यंतरानंतर चायकॉव्हस्की या रशियन संगीतकाराची सहावी सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदाने मिळून वाजवायची मोठी रचना. ऑक्टोबर १८९३ मध्ये त्याने स्वतः ती पीटर्सबर्गला पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी गेला, ही माहितीसुद्धा हिनेच दिली. मी ठरवलं, आता बोटं मोडायची नाहीत. कानावर विश्वास ठेवायचा. कान काय खोटं बोलतात?

बोलतात. एक कूच सुरू झाली. आधी लांबून, मग जवळून, मग थेट छाताडावर. झांजा, ढोल, पितळी तुताऱ्या, विसर्जनाची मिरवणूक वळून आपल्याच गल्लीत शिरावी तशी. शेवटचे घाव असे पडले की यापुढे कुणाला काही बोलायला जागाच नाही. मी उभा राहिलो. टाळी वाजवली. आणि संध्याकाळभर दाबलेलं 'क्या बात है' सुटलं. पाठोपाठ निम्म्या सभागृहानेही टाळ्या दिल्या, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. कंडक्टरने वळून पाहिलं नाही. नुसती पाठ. पण काय बोलकी पाठ!

हिने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. "बसा. अजून एक बाकी आहे. चार लिहिलेत इथे."

(पुढे स्वतःच्या बचावासाठी मी बरंच वाचलं. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलंय की, सिंफनी चालू असताना मध्येच लोकांनी टाळ्या दिल्या. त्याला राग नाही आला. लोकांना आवडणार हे ठाऊक होतं, म्हणून ती जागा त्याने शेवटी पुन्हा घातली होती. कार्यक्रम संपल्यावर तो खूश होऊन आइस्क्रीम खायला गेला. हिला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही मोझार्टच्या नाही, माझ्या शेजारी बसला होतात.")

चौथा भाग रडणारा निघाला. शेवटाकडे तर एकेक वाद्य उठून घरी गेल्यासारखं गप्प होत गेलं, खाली फक्त चेलो आणि त्यांचे ते थोरले भाऊ उरले, मग तेही ऐकू येईनासे झाले. संपलं का? कोण जाणे. कंडक्टरचे हात हवेतच. कुणी खोकलं नाही. मी दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून बसलो होतो. हिने माझ्याकडे पाहिलं, मी आजींकडे पाहिलं. आजी समोर बघत होत्या. बऱ्याच वेळाने कंडक्टरचे हात खाली आले. आजींनी डबीचं झाकण आवाज न करता लावलं आणि माझ्याकडे कलून हळूच म्हणाल्या,

"हवे ताळी पाड, दीकरा."