अकरा मिनिटांना तीन वर्षं का लागली

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू! तुमचं म्हणणं असं, की लॉकडाऊनमध्ये घरबसल्या वेळच वेळ होता, लोकांनी व्हिडिओ जोडून मैफली केल्या, आणि मी तीन वर्षांनी आणलं काय, तर अकरा मिनिटांचं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिनं, त्याहून थोडा मोठा व्हिओला आणि खर्जातला चेलो अशा चार वादकांसाठी लिहिलेली रचना. त्यातही तिसऱ्या भागात "नुसते थांबे".

वेळ होता, खरंय. माणसं नव्हती. क्वार्टेटला कंडक्टर नसतो. पहिलं व्हायोलिन वाजवणारी गज तारेवर टेकवण्याआधी नाकाने श्वास घेते, आणि त्या श्वासाच्या लांबीवरून बाकीच्या तिघांना लय कळते. व्हिडिओ कॉलवर आम्हीही करून पाहिलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या वादकाचा सूर 9 मिलिसेकंदांत पोचतो. कॉलवर शंभर-दीडशे सहज जातात. समोरचा खोलीत नाही, गल्लीच्या टोकाला बसलाय असं समजा. जो तो दुसऱ्याची वाट बघतो आणि लय भिजल्या सतरंजीसारखी जड होते. तुम्ही म्हणता ते व्हिडिओ बहुतेक क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या टकटकीवर, एकेकट्याने वाजवून नंतर चिकटवलेले असतात. नेटके असतात, पण त्यात कुणी कुणासाठी थांबत नाही.

1918 मध्ये रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने युद्धाच्या तंगीत, गावोगाव नेता यावं म्हणून रंगमंचासाठी सातच वादकांचं संगीत लिहिलं. 28 सप्टेंबरला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पहिला प्रयोग झाला आणि पुढचा दौरा फ्लूच्या साथीत बुडाला. मी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण लिहून तयार असणं आणि वाजणं यांतलं अंतर त्यालाही चुकलं नाही.

आम्ही चौघे वादक आणि मी एका खोलीत जमलो ते 2021 च्या पावसाळ्यानंतर. व्हिओलावाल्याने पेटी उघडली तर गजाचे निम्मे केस तुटून लोंबत होते. महिनोन्‌महिने बंद पेटीत कसर लागली होती. चेलोची कड दमट हवेने सरस सुटून उघडलेली; खर्ज लावला की घरघर. दुरुस्तीत दीड महिना गेला. (बिलाचा आकडा सांगत नाही, बायकोही हे वाचते.)

मग तालीम. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे श्वासाची खूण गेली; भुवया उडवून इशारे सुरू झाले. तिसऱ्या भागात व्हिओलावाल्याला तो इशारा दिसलाच नाही. तो थांबून राहिला, चेलोवाली खालचा सूर धरून बसली, आणि मी कागदावर लिहिली होती त्याच्या दुप्पट शांतता झाली. कुणी हललं नाही. ती मी तशीच ठेवली, आणि मग अख्खा भाग तिच्याभोवती पुन्हा लिहिला. वर्ष त्यात गेलं.

एक मात्र तुमचं बरोबर. शेवटून दुसरा थांबा लांबलाय. चेलोवाली तेव्हाच म्हणाली होती, मी ऐकलं नाही. चार मात्रांच्या तीन करतोय.

आणि एक विचारू? कशावर ऐकलंत? त्या थांब्यांखाली चेलोची सगळ्यांत खालची तार अगदी हळू चालू असते, 65 हर्ट्झच्या आसपास. मोबाइलच्या स्पीकरवर ती जवळजवळ येतच नाही. हेडफोन लावून एकदा ऐका. तरीही कंटाळा आला, तर तसं इथेच लिहा.