जुना ऑइल कूलर 'फारसा न वापरलेला' म्हणून कसा विकावा

इंजिन बसलं की माणूस पहिल्या दिवशी सुन्न होतो, दुसऱ्या दिवशी इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनरला शिव्या घालतो आणि तिसऱ्या दिवशी हिशेब मांडतो. तुमचा तिसरा दिवस उजाडला असेल तर पुढे वाचा. बेअरिंग गेली, ऑइल पॅनमध्ये धातूची चमकी निघाली, ब्लॉक भंगारात गेला. पण बंपरमागचा, इंजिनाचं तेल थंड करणारा तो १९ रोचा (ओळींचा) कूलर बघा कसा तरतरीत आहे! असा कूलर फेकूनच द्यायचा असतो, असं मेकॅनिक म्हणेल. म्हणू द्या, पैसे त्याचे कुठे गेलेत?

आधी कूलर धुवा. बाहेरून. आत पातळ पत्र्यांच्या थरांतून तेलाच्या वाटा असतात. तिथे अडकलेला बेअरिंगचा चुरा रॉकेल ओता, डिझेल ओता, हवा मारा, पुरता काही निघत नाही. मग रॉकेल तरी का वाया घालवा? बाहेरून मात्र हयगय नको. जुना टूथब्रश घ्या, वाकलेल्या फिन्स टाचणीने एकेक सरळ करा. एक्स्प्रेसवेवर पंखांसकट चिकटलेला चतुर तेवढा राहू द्या. गाडी फार तर लोणावळ्यापर्यंत जायची, याचा तो जिवंत पुरावा (चतुर मेलाय, पुरावा जिवंत आहे). चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर दोन दिवस ती पिळली होती, हे त्याला कुठे माहीत?

जाहिरातीत लिहा, 'सेटअप बदलतोय म्हणून काढला.' खोटं काहीच नाही. जुना सेटअप भंगारवाल्याने किलोवर नेलाय.

पाइप 'एएन-१०' आहेत हे ठळक लिहा. १० म्हणजे पाइपचं माप, इंचाच्या सोळा भागांपैकी दहा, हे समजावत बसू नका. गिऱ्हाईक त्याला ग्रेड समजतं आणि सहापेक्षा दहा भारी म्हणून दोन पैसे जास्त देतं. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मधे बसणारी सँडविच प्लेट 'सगळ्या गाड्यांना बसते'. होंडाच्या फिल्टरचे आटे सहसा २० मिलिमीटरचे, टोयोटाचे पाऊण इंची, म्हणजे १९. एका मिलिमीटरवरून भांडायला आपण काय भाऊबंद आहोत? प्लेटमधला थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो की नाही, ते चहाच्या पातेल्यात पाणी तापवून कळतं. तपासू नका. कळलं तर सांगावं लागतं, शिवाय पातेल्यावरून घरात जे होईल ते वेगळंच.

गिऱ्हाईक बहुधा कोथरूड-हिंजवडी करणारा पोरगा असतो. त्याला कूलर तेलासाठी नको असतो, बंपरच्या जाळीतून दिसायला हवा असतो. 'लास्ट किती?' झाल्यावर तो विचारेल, "दादा, आत कचरा नाही ना?" म्हणा, "अरे, पुढे फिल्टर असतो की!" असतोच. फक्त थंडीतल्या सकाळी तेल घट्ट असताना पोराने गाडी रेटली, की फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तुमची चमकी न गाळताच त्याच्या बेअरिंगवर जाते. पण पुण्यात हल्ली थंडी पडते कुठे?

डिसेंबरात फोन येईल. "दादा, खालून टकटक आवाज येतोय." त्याला विचारा, ऑइल कुठलं टाकलंस? उत्तर काहीही येवो, 'तिथेच चुकलास' म्हणा. तो कूलर परत घ्या म्हणेल. घेऊ नका, पण इतके कठोरही होऊ नका. आपल्या जाहिरातीचा मजकूर त्याला पाठवून द्या. फोटोही तेच चालतील, फक्त चतुर शाबूत आहे ना, ते विचारून घ्या.