टर्बो बदलायच्या आधी तो का गेला ते विचारा

साताऱ्याच्या अलीकडे हायवेला माझं गॅरेज आहे. पुण्याकडून खंबाटकी चढून आलेली, निळा धूर मारत दारात उभी राहणारी डिझेल गाडी आमच्याकडे नेहमीची. ग्राहक उतरतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "टर्बो गेलाय म्हणाले, बदलून द्या." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग. या वाक्यापायी लोकांचे किती पैसे वाया जातात ते मी रोज बघतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटा व्हिस्टाची क्वाड्राजेट, पुंटो, या सगळ्या डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन आहे, फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावात बनायचं, मारुतीसाठी मानेसरला बनायचं. १९९८ साली पुण्याची इंडिका आली तेव्हा तिच्या १.४ डिझेलला टर्बोच नव्हता. ओढायची बेताचीच, पण जाण्यासारखं काही नव्हतंही. मल्टिजेटला मात्र टर्बो आहे, त्याने घाटातली मजाच बदलली. मग एप्रिल २०२० मध्ये धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस-६, लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे आज रस्त्यावर असलेली यातली प्रत्येक गाडी जुनी आहे. त्यात दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्याही आपल्याकडे विकायला येतात. त्यांचं ऑईल कधी बदललं, कुठलं टाकलं, कुणाला पत्ता नसतो. गावाकडे मात्र याच गाड्यांवर लोकांचे धंदे आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालतात, त्यामुळे त्या चालत्या राहायलाच हव्यात.

आता टर्बो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून इंजिनात ढकलतं. इंजिन फार तर मिनिटाला पाच हजार फेरे घेईल. हा शाफ्ट जोरात असताना दोन लाखांच्या वर जातो. एवढ्या वेगात तो धातूवर धातू घासत फिरूच शकत नाही. शाफ्ट आणि बेअरिंगच्या मध्ये इंजिन ऑईलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. या छोट्या टर्बोला पाण्याचं कूलिंगही नाही, जे काही थंड करायचं ते ऑईलनेच. म्हणून माझं ठाम मत आहे: टर्बोचा आजार बहुतेक वेळा टर्बोत नसतो, ऑईलच्या वाटेत असतो.

मागे वाईकडचे एक शिक्षक त्यांची स्विफ्ट घेऊन आले. दुसरीकडे नवा टर्बो बसवून घेतला होता, थोड्याच दिवसांत परत शिट्टी आणि धूर. सर फार वैतागले होते. "डुप्लिकेट माल घातला त्यांनी," म्हणाले. आम्ही टर्बो उतरवला. माल अस्सल होता. शाफ्ट हाताने हलवून बघितला तर चाक बाहेरच्या कवचाला, हाऊसिंगला, घासत होतं. कोअर, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग असलेला मधला भाग, खोलला, तर शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग निळा पडलेला. लोखंडाला असा निळा रंग तापून तापून येतो, म्हणजे तिथे ऑईल पोचतच नव्हतं. मग ऑईल घालणारा बारीक पाईप काढला. तो जुनाच ठेवला होता. त्याच्या बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे ज्यातून ऑईल जातं त्या पोकळ बोल्टच्या, भोकात कडक काळा कार्बन, सुईने खरवडावा लागला. खाली ऑईल परत जाते त्या फ्लॅंजला पॅकिंग न घालता सिलिकॉन फासलेलं, आणि आवळल्यावर ते आत दाबून निम्मी वाट बंद झालेली. मी बोल्ट सरांच्या हातात दिला, म्हटलं, "सर, उजेडात धरून बघा." त्यांना पलीकडचं काही दिसेना. नवा पाईप आणि पॅकिंगची किंमत टर्बोपुढे काहीच नाही. तेवढ्यासाठी त्यांचा एक टर्बो फुकट गेला होता.

याचा मला खरंच राग येतो. टर्बो बसवणं हे चार नट खोलून चार नट आवळायचं काम नाही. पाईप बदलायचा, पॅकिंग नवं घालायचं, ऑईल आणि फिल्टर नवा, एअर फिल्टर नवा. ऑईलचं चेंबर उतरवून आतली जाळी बघायची, कारण गाळ तिथे अडकला असेल तर नव्या पाईपलाही ऑईल कुठून मिळणार? इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, चोक असेल तर आतल्या प्रेशरमुळे टर्बोचं ऑईल खाली उतरत नाही, ते तर नुसतं स्वतःच्या वजनाने उतरतं. मग टर्बो चांगला असूनही सीलमधून ऑईल बाहेर येतं आणि गाडी धूर मारते. लोक म्हणतात, नवा टर्बोपण खराब निघाला.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, धुतल्याशिवाय तर गाडी चालूच करू नये. जुन्या टर्बोने सोडलेलं ऑईल त्यात साचलेलं असतं, चाक तुटलं असेल तर धातूचे कणही. ते ऑईल इंजिनाने ओढलं की इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी जळायला ऑईल मिळतंच आहे. रेस आपोआप वाढत जाते, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. असं कधी झालं तर बॉनेट उघडून डोकं आत घालू नका. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आम्ही बसवताना आधी टर्बोच्या ऑईलच्या भोकात कुपीने ऑईल सोडतो आणि चाक बोटाने फिरवतो. मग इंजिन चालू होणार नाही अशी व्यवस्था करून नुसता सेल्फ मारतो, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच गाडी चालू, आणि काही मिनिटं रेस न देता तशीच. पहिल्या सेकंदांत कोरडा फिरलेला टर्बो नवा राहत नाही. ग्राहक घाई करतो, पण इथे घाई नको म्हणजे नकोच.

आणखी एक गोष्ट. पिकअप नाही म्हणजे टर्बोच गेला असं नसतं. काळा धूर आणि फुसफुस आवाज येत असेल तर आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी होझ बघा. त्याला खालच्या बाजूने चीर पडते, वरून दिसत नाही. कित्येक चांगले टर्बो त्या चिरेपायी भंगारात गेलेत. ९० हॉर्सपॉवरच्या गाड्यांत, जसं की मांझा किंवा एर्टिगा, टर्बोच्या आत हलणाऱ्या पात्या असतात. कार्बनने त्या अडकल्या की गाडी एकदम मेल्यासारखी होते, इंजिनचा दिवा लागतो. अनेकदा नुसती साफसफाई करून भागतं. शाफ्ट हाताने हलवून बघतानाही माहिती हवी: ऑईल नसताना आडवा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, तो घाबरण्यासारखा नाही. आत-बाहेर प्ले जाणवला किंवा पातं घासल्याची खूण दिसली, तर मात्र काम काढावं लागतं.

कोअर बदलून टर्बो रिपेअर करायलाही माझा विरोध नाही. फक्त मशीनवर बॅलन्सिंग केलेलं असावं आणि त्याचा रिपोर्ट हातात मिळावा. तो देत नसतील तर तिथे काम देऊ नका.

चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सकाळी चालू केल्या केल्या रेस देऊ नका. घाट चढून हॉटेलवर थांबलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑईल जळून त्याचाच कार्बन होतो, तोच पुढे पाईपात बसतो. आणि ऑईल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं. मारुती १०,००० किलोमीटरला बदला म्हणते, पण रोज घाट आणि भरलेली गाडी असेल तर मी ७,५०० ला बदलायला सांगतो.

टर्बोचं काम करून घेतलंत तर जुना टर्बो आणि जुना पाईप मागून घ्या, आणि बिल नीट वाचा. त्यावर ऑईलचा पाईप, पॅकिंग, ऑईल, दोन्ही फिल्टर आणि इंटरकूलरची सफाई वेगवेगळी लिहिलेली दिसली पाहिजे. नसेल, तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तिथेच विचारा. कुणाला फोटो पाठवून काही विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये टाका, धूर कुठल्या रंगाचा आणि कधी येतो तेही लिहा. रात्री गॅरेज बंद केल्यावर उत्तर देतो.