काचेवरचा चिकट थर

"वेपमध्ये धूर नसतो, नुसती वाफ असते, घरात काही उरत नाही" हे वेपवरच्या (म्हणजे ई-सिगारेटवरच्या) लेखातल्या एका तरुणाचं म्हणणं वाचलं आणि राहवलं नाही. आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. माडीवरची खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली होती, तो वेप ओढायचा. तो गेल्यावर खोली उघडली तर सिगारेटचा वास अजिबात नाही, आंब्यासारखा गोडसर दर्प तेवढा. पण खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं तर चिकट! आरसा, पंख्याची पाती, सगळीकडे तोच थर, त्यावर धूळ बसलेली.

अहो, ती पाण्याची वाफ नसतेच. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दाट द्रव तापवून त्यांचे बारीक थेंब होतात, त्यांत निकोटिन आणि सुगंधी रसायनं. आतली तापणारी तार (कॉइल) जास्त तापली की विषारी फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीनही तयार होतं. हवेतले थेंब दिसेनासे झाले तरी निकोटिन भिंतीवर, पडद्यात, गादीत बसून राहतं. लेक दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी येणार होती, तीच खोली तिला द्यायची होती. रांगतं बाळ, फरशीला लागलेला हात सरळ तोंडात. माझ्या पोटात गोळाच आला.

पडदे धुतले, काचा-फरशी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसल्या, गादी टाकूनच दिली. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे, तरी मुलांना ती मिळते कुठून? घरमालकांनो, भाडेकरारात सिगारेटबरोबर वेपही स्पष्ट लिहा. आम्ही या वेळी लिहून घेतलं.