प्रेमाचे लेखापरीक्षण

परवा आमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात माझ्याच कादंबरीच्या समासात पेन्सिलीने शेरे मारल्याचा ठपका माझ्यावर ठेवण्यात आला आणि ग्रंथपालबाईंनी खोडरबर माझ्यापुढे सरकवून सांगितले, ‘मॅडम, सगळे पुसा आणि मगच जा.’ मलपृष्ठावर माझे छायाचित्र आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी छायाचित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि छायाचित्र बरेच जुने दिसते, असे मत नोंदवले. शिवाय लेखिकाच असाल तर पुस्तक जपून वापरण्याची जबाबदारी अधिकच येते, हा त्यांचा मुद्दा इतका बिनतोड होता की मी निमूटपणे खुर्ची ओढून पुसायला बसले.

पुसण्यासाठी वाचावे लागते, ही त्यातली खरी शिक्षा होती. ‘पृ. ३१ : नायक कार्यालयात केव्हा जातो?’ ‘पृ. ४४ : पाऊस.’ ‘पृ. ५८ : पुन्हा पाऊस, महिना एप्रिल, खुलासा व्हावा.’ ‘पृ. ७२ : अश्रू अवाजवी.’ प्रत्येक शेऱ्याखाली सही होती आणि सहीखाली तारीख होती. मी पृष्ठ ७२ वरचे अश्रू वाचवण्याच्या प्रयत्नात असताना वर्तमानपत्रांच्या टेबलाकडून आवाज आला, ‘अहो बाई, खोडू नका! त्याचे अनुपालन व्हायचे आहे अजून!’

आवाजाचे मालक सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेले सद्गृहस्थ होते. सारी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली, असे त्यांनी नमस्काराच्या आधीच सांगितले. शेरे त्यांचेच होते आणि ते लपवण्याचा त्यांचा कोणताही विचार नव्हता. माझ्यावरचा ठपका आता निघेल या आशेने मी ग्रंथपालबाईंकडे पाहिले, तर त्या म्हणाल्या, ‘काका आमचे जुने सभासद आहेत,’ आणि पुन्हा नोंदवहीत डोके घातले. गृहस्थ समोरची खुर्ची घेऊन बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘चला, एकेक परिच्छेद घेऊ.’

‘नायकाचे मासिक उत्पन्न संपूर्ण पुस्तकात नमूद नाही. तरीही तो दोनदा महाबळेश्वरला जातो, हॉटेलात उतरतो आणि नायिकेला पैठणी घेतो. हा पैसा आला कोठून?’

‘तो वास्तुविशारद आहे,’ मी म्हणाले.

‘ते पहिल्या प्रकरणात आहे. पण त्यानंतर त्याने एकही इमारत बांधल्याचे दिसत नाही.’

‘तो प्रेमात पडलेला आहे हो.’

‘पडावे ना. रजा घेऊन पडावे. रजेचा अर्ज कोठे जोडला आहे?’

पावसाबद्दल मी नेटाने लढले. एप्रिलमध्ये वळीव पडतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे, असे मी बजावले. वळीव त्यांना मान्य होता. परंतु तो दर वेळी हे दोघे उघड्यावर असतानाच का पडतो आणि पहिल्या भिजण्यानंतरही छत्री खरेदी केल्याची नोंद का नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. एव्हाना आजूबाजूची वर्तमानपत्रे हळूहळू खाली येऊ लागली होती. त्यानंतर ते ज्या पानावर आले, ते लिहिताना माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आले होते. ‘पृष्ठ ११२. त्याने तिला मिठीत घेतले आणि काळ थांबला. बरोबर? आता पृष्ठ ११३. नायिका साडेसहाची एस.टी. पकडते. काळ थांबला असेल तर एस.टी. चुकायला हवी. एस.टी. मिळाली असेल, तर काळ थांबल्याचा दावा मागे घ्यावा.’

फडके आणि खांडेकर यांची नावे घेऊन मराठी वाचक कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर वर्षानुवर्षे भांडले. हिशेबासाठी कला हा तिसरा पक्ष त्या वादात कोणाच्याच लक्षात आला नव्हता. चंद्रकांत काकोडकरांवर १९६२ च्या एका दिवाळी अंकातील कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. खटला कोणाच्याही वाट्याला येऊ नये. परंतु त्यांनी लिहिलेल्या प्रेमाची निदान कोणाला तरी भीती वाटली होती. माझ्या प्रेमाच्या पावत्या मागतात. आपल्या मुलखातले फार जुने काव्य म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावरची महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’, आणि तिच्या सुमारे सातशे गाथांत गोदाकाठचे प्रियकर-प्रेयसी भेटतात, रुसतात, वाट पाहतात, पण त्यांतला कोणी पोटापाण्यासाठी काय करतो, याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. अर्थात संकलकच राजा असल्यावर लेखापरीक्षकाची काय बिशाद!

खरे सांगायचे तर हे गृहस्थ त्यातल्या त्यात प्रामाणिक होते. साहित्यिक समारंभांत मला जे ऐकावे लागते, ते याहून लागते. खुनाच्या कथा लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही की आपण किती खून केले. मला मात्र ‘स्वानुभव का?’ असे डोळे बारीक करून विचारतात आणि लगेच ‘घरचे काय म्हणतात?’ असेही विचारतात. दुःखावर लिहिणाऱ्याला व्यासपीठावर खुर्ची मिळते आणि प्रेमावर लिहिणारीला पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी वर बोलावतात. हे दोघे शेवटी लग्न करणार हे वाचकाला दहाव्या पानावर ठाऊक झालेले असताना त्याला दोनशेव्या पानापर्यंत जागे ठेवणे, याला आमच्याकडे हलकेफुलके लेखन म्हणतात. त्यात आता विरहाचीही सोय राहिलेली नाही. पूर्वी एक पत्र हरवले की लेखकाची पन्नास पाने निघत. हल्ली नायकाचा फोन बंद लागला तर नायिका सरळ त्याच्या आईला फोन करते. वाट पाहण्याखेरीज प्रेमात लिहिण्याजोगे फार थोडे असते, असे माझे मत आहे, आणि वाट पाहणे तर बाजारातून उठलेच आहे.

आणि पैसा? ग्रंथालयातले हे एकच पुस्तक कितीही घरे फिरून आले, तरी त्या एका प्रतीचे मानधन मला एकदाच मिळते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने वाचकाने ग्रंथालयातून पुस्तक नेले की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. आमच्या वाचनाचा हिशेब ठेवणारे इतके असताना हा एवढाच हिशेब कोणी कसा ठेवत नाही, हे मी त्या गृहस्थांना विचारणार होते, पण ते शेवटच्या आक्षेपापर्यंत पोहोचले होते आणि त्यांनी आवाज एकदम खाली आणला होता.

‘लग्नाशी पुस्तक संपवलेत. पुढचे काहीच नाही. अखेरची शिल्लक दाखवल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही, बाई. त्या पोरीचे सासूशी पटले का?’

दुसरा भाग लिहिते आहे, दिवाळीपर्यंत येईल, असे मी सांगितले. त्यांचा चेहरा असा उजळला की पृष्ठ ७२ च्या शेऱ्यासकट मी सगळे माफ करून टाकले आणि त्याच भरात माझ्याकडून प्रत घेतल्यास वीस टक्के सवलत देईन, असेही बोलून गेले.

‘विकत?’ त्यांनी चष्मा काढला. ‘पेन्शनर माणूस मी. ग्रंथालय एक प्रत घेईलच की. तुम्ही फक्त प्रकाशकांना सांगून समास जरा रुंद ठेवायला लावा.’